व्याही, मेहुणा आणि गाडीचं तेल

कुठलाही प्रश्न घ्या, दोन्ही बाजू नीट मांडा, उत्तर आपोआप वर तरंगतं, असं सर कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत आले होते. विषय तर्कशास्त्र! त्यामुळे गाडीच्या सर्व्हिसिंगची वेळ झाली तेव्हा चहाचा कप खाली ठेवून त्यांनी जाहीर केलं, "कंपनीचं शोरूम की बाहेरचं गॅरेज? चुटकीसरशी निकाल लावतो!"

"लावा की," बायको म्हणाली. "फक्त शोरूममध्ये माझा भाऊ आहे आणि गॅरेज आपल्या व्याह्यांचं आहे, एवढं ध्यानात ठेवा."

सरांची चुटकी हवेतच राहिली.

भानगड खरीच होती. मेहुणा शोरूमच्या सर्व्हिस विभागात साहेब. गाडी त्याच्याकडे नाही दिली तर तो रुसणार, तो रुसला की बायको रुसणार, आणि मग घरात बोलायला फक्त फ्रिज उरणार! इकडे मुलीचं लग्न नुकतंच ठरलेलं, गॅरेजवाल्यांच्या मुलाशी. व्याही पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "सर, आता तुमच्या गाडीची काळजी आमच्यावर!" मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याला नाही म्हणायला वाघाचं काळीज लागतं. सरांचं काळीज प्राध्यापकाचं होतं.

"सापडलं!" दुसऱ्या दिवशी दात घासता घासता सर ओरडले. "आधी व्याह्यांकडे, मग तुझ्या भावाकडे. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही!"

"आणि गाडी?"

"तिला काय होतंय? दोनदा आंघोळ घातली म्हणून कुणी मेलंय का?"

व्याह्यांनी सरांना पंख्याखाली बसवलं, चहा पाजला, दर दोन मिनिटांनी उठून येणाऱ्या सरांच्या शंका ऐकल्या आणि गाडीचं पोट साफ करून नवंकोरं तेल भरलं. जाताना काचेवर पुढच्या सर्व्हिसिंगचं स्टिकर चिकटवलं. स्टिकर कसलं, दुकानाची पाटीच! सरांनी पुढच्या वळणावर गाडी थांबवून ते नखांनी खरवडून काढलं. निम्मं निघालं. उरलेल्या निम्म्यावर त्यांनी टोपी ठेवली.

दोन दिवसांनी शोरूममध्ये आधी सगळ्या शंका विचारून घेऊन सर गार गार सोफ्यावर मासिक चाळत बसले होते, तोच मेहुणा धावत बाहेर आला. हातात तेल तपासायची पट्टी.

"भावोजी, हे काय आहे?"

सरांनी मासिक आणखी वर धरलं. "तेल असावं."

"वर्षभर गाडी चालवलीत, आणि तेल काळं पडायचं सोडून मधासारखं! आख्ख्या नोकरीत असं पाहिलं नाही मी! करता काय तुम्ही?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण सरांच्या तोंडून निघालं ते असं, "मी गाडी जरा... संयमाने चालवतो."

संपलं! मेहुण्याने मोठ्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी पट्टीचा वास घेतला, डोळे मिटले, आणखी चार जणांना बोलावलं. नव्या जावयाला बघायला पाहुणे जमावेत तशी गाडीभोवती गर्दी झाली.

"गियर कसा टाकता, सर?"

"हळुवार."

"ब्रेक?"

"विचार करून."

एकाने हे लिहूनसुद्धा घेतलं. साहेबांनी सरांचा गाडीसोबत फोटो काढायचं ठरवलं, कुणीतरी फुलांचा गुच्छ आणायला पळालं. नेमका तेव्हाच व्याह्यांचा फोन आला.

"सर, घोळ झालाय! मागच्या चाकाचे नट घट्ट करायचे राहिले असं वाटतंय. गाडी जागची हलवू नका, मीच येतो!"

"गाडी... गाडी ही घेऊन गेलीय," सर कुजबुजले.

"वहिनी? अहो, त्या तर आमच्याकडे बसल्यात, लग्नाच्या पाहुण्यांची यादी करताहेत. रिक्षाने आल्या."

"मग... मग गाडी कुठे गेली?" सरांनी स्वतःच विचारलं, आणि घाबरून फोन बंद केला.

व्याही भला माणूस. गाडी चोरीला गेली असं समजून त्यांनी गॅरेज बंद केलं आणि सगळ्या कामगारांना गाड्यांवर बसवून चारी दिशांना पिटाळलं. स्वतः वहिनींना घेऊन निघाले. चौक ओलांडतात न ओलांडतात तोच शोरूमच्या काचेतून गाडी दिसली. शेजारी गुच्छ धरून सर उभे!

"सापडली!" व्याही आत घुसले. "सर, चोर कुठाय?"

चोर गुच्छामागे तोंड लपवत होता.

"या, या!" मेहुणा आनंदाने म्हणाला. "बघा आमच्या भावोजींचा चमत्कार! वर्षभर वापरलेलं तेल!"

व्याह्यांनी पट्टी उजेडात धरली. "हे? हे तर मी परवा घातलंय."

शोरूमच्या एसीलासुद्धा अवघडल्यासारखं झालं. लिहून घेणाऱ्याने पान फाडलं. सर म्हणाले, "मला कुणाचंच मन मोडायचं नव्हतं हो."

आता भडका उडणार, लग्न मोडणार, असं सरांना वाटलं. झालं भलतंच!

"व्याहीबुवा, गाडी तुम्हीच बघा," मेहुणा हात जोडून म्हणाला. "मान तुमचा."

"छे, छे! तुम्ही मुलीचे मामा. मान तुमचा!"

"नाही हो, तुमचाच!"

"मी म्हणतो ना, तुमचा!"

दोघे मान एकमेकांवर ढकलत राहिले, गाडीकडे मात्र कुणी बघेना. शेवटी बायकोने सरांना बाजूला घेतलं. "अहो, दोघांचेही मला फोन आले होते. सर उभे राहून प्रत्येक स्क्रूबद्दल 'हे कशावरून?' विचारतात, त्यांना काहीही करून दुसरीकडे पाठवा म्हणून!"

सरांनी निमूटपणे नट आवळून घेतले आणि गाडी बाहेर काढली.

आता ते गाडी गावाबाहेरच्या एका परक्या मेकॅनिककडे देतात. तो ना नात्याचा, ना गोत्याचा. परवा सर स्क्रूबद्दल एक अक्षर न विचारता शहाण्यासारखे खुर्चीवर बसले होते. मेकॅनिक हात पुसत जवळ आला, जरा लाजला आणि म्हणाला, "सर, तुमच्या घरात लग्नाची एखादी भाची-पुतणी आहे का हो? आमच्या धाकट्यासाठी बघतोय."

सरांनी किल्ली उचलली आणि बॉनेट उघडं असतानाच गाडी सुरू केली.