आप्पा राऊळांना पटत नाही

तुमच्याशी कुणी मुद्दाम भांडण उकरून काढलं, आणि मग तुमचं सगळं म्हणणं हूं की चूं न करता ऐकून घेतलं, असं कधी झालंय का? माझ्या बाबतीत ते दोन वर्षं, आठवड्यातून निदान चारदा झालं. त्या माणसाचं नाव आप्पा राऊळ.

नायगावच्या आमच्या चाळीला तीन मजले आहेत आणि लिफ्ट नाही. आजूबाजूच्या चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहतायत, आमचा नंबर अजून लागायचाय. आप्पा तिसऱ्या मजल्यावर, आमच्या खोलीला लागून राहतात. वय बहात्तर. एकटेच. काकी जाऊन चार वर्षं झाली. कुडाळकडचं गाव सोडलं तेव्हा मिसरूड फुटत होतं, पण जिभेवरचं गाव काही सुटलं नाही.

आमच्या जिन्याला प्रत्येक मजल्याच्या मध्ये एक वळण आहे. संध्याकाळी मी कामावरून परतले की पहिल्या वळणावर आप्पा उभे. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. मला बघितलं की मान हलवायचे.

"ह्या माका पटणा नाय."

"काय पटत नाही, आप्पा?"

मग काहीही. वडापावात ओली चटणी घालतात ते पटत नाही. माणूस चंद्रावर गेला ते पटत नाही. जयंतीच्या कमानीला आम्ही लावलेला निळा पटत नाही. "तो निळो न्हय गो, ता इंग्लिश मिडियमच्या पोरांचा युनिफॉर्म." एवढं बोलून ते म्हणायचे, "बोल आता. मी ऐकतंय."

आणि खरंच ऐकायचे. मध्ये एक शब्द नाही. फक्त माझ्या प्रत्येक मुद्द्यानंतर ओठांचा चंबू करून लांबलचक 'फूऽऽ' करायचे, गरम चहावर फुंकर घालावी तसे. मुद्दा उडवून लावतायत असं वाटून मी आणखी पेटायचे. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. पप्पा पत्रकं लिहायचे, आई ती भिंतीवर चिकटवायला खळ शिजवायची, आणि मी वाचायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. माझा मुद्दा फुंकरीने उडवणारा माणूस मला कसा चालेल? मी पाच-पाच मिनिटं बोलायचे. शेवटी आप्पा म्हणायचे, "बरां, चल," आणि चढायला लागायचे. मला वाटायचं, जिंकले.

हे फक्त माझ्याशीच नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त हवालदार जाधवांना त्यांनी एकदा सांगितलं की पोलिसांच्या शिट्टीचा आजवर कुणाला उपयोग झालेला नाही. जाधवकाका त्या वळणावर पाव तास शिट्टीचा इतिहास सांगत होते. गॅसवाला तर खांद्यावरचा सिलिंडर खाली ठेवून रीतसर भांडायचा. त्या दोघांची भांडणं सगळ्यात लांब चालायची आणि दोघेही नंतर ताजेतवाने दिसायचे. त्याचं कारण तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आलं ते एका संध्याकाळी. पहिल्या वळणावर आप्पा म्हणाले, हे टॉवर म्हणजे फसवणूक आहे. मी रागारागाने सहमती दाखवली, पाच मिनिटं बोलले. आम्ही वर गेलो. दुसऱ्या वळणावर आप्पा थांबले.

"पण टॉवर आधीच होवक व्हये होते. चाळ नको, हां, चाळ माका पटणा नाय."

माझं डोकंच फिरलं. "आप्पा, वीस पायऱ्यांपूर्वी तुम्ही टॉवरच्या विरोधात होतात!"

"होतंय. आता नाय. बोल."

"नाही बोलणार. ज्याला स्वतःची बाजू नाही, त्याच्याशी कसला वाद?"

मी ताडताड चार पायऱ्या चढले. मागून काहीच आवाज येईना म्हणून वळून बघितलं. आप्पांनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता. खांदे कानांपर्यंत वर गेले होते आणि ओठ जांभळट दिसत होते. खालून कुणीतरी चपला वाजवत वर येत होतं. आप्पांनी एक बोट उचललं.

"बोल गो बाय... काय पण बोल. माणसां बघतत."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुधा पाणीकपातीची नोटीस घडाघडा म्हणून दाखवली. आप्पा फूऽऽ करत राहिले. वर कुणाकडे तरी निघालेले जाधवकाका आमच्या शेजारून "चालू द्या, चालू द्या" म्हणत निघून गेले.

मग खोलीत बसून त्यांनी सांगितलं. शिवडीच्या गॅरेजमध्ये बत्तीस वर्षं त्यांनी ट्रकांना स्प्रेने रंग मारला. नाकाला रुमाल बांधायचा, तोच मास्क. मालक दिवाळीला गुळाची ढेप द्यायचा. गूळ खा, पोटातला रंग धुऊन निघेल, म्हणायचा. मास्कपेक्षा गूळ स्वस्त पडतो, हे त्या मालकाला बरोबर कळत होतं. पण रंग पोटात गेला नव्हता, फुप्फुसात गेला होता. हा आजार बरा होणारा नाही, सांभाळायचा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. श्वासाचा पंप दिला होता, तो आप्पा रुमालात गुंडाळून ठेवायचे आणि कुणी बघितलाच तर तोंडाला वास येऊ नये म्हणून आहे असं सांगायचे. दम लागला की थांबायचं, ओठ आवळून हळूहळू श्वास सोडायचा, हेही डॉक्टरांनीच शिकवलेलं. म्हणजे माझ्या मुद्द्यांवरची ती फुंकर हा व्यायाम होता!

"पण थांबायचंच तर नुसतं थांबा ना, आप्पा. भांडण कशाला?"

"नुसतो थांबलंय तर म्हातारो दमलो. भांडतंय तर आप्पा राऊळ."

"नंदूदादाला माहित्ये?"

नंदूदादा त्यांचा मुलगा. बदलापूरला सातव्या मजल्यावर राहतो.

"तेका कळला तर माका घेऊन जातलो. तेच्याकडे लिफ्ट असा. लिफ्टात कोणाशी भांडूचा? तोंड उघडीपर्यंत मजलो येता." मग दाराकडे बघून म्हणाले, "ही गोष्ट हयच रवांदे."

गोष्ट इथेच राहू दे, हे वाक्य मी ऐकलं होतं, हे आधीच कबूल करते. पण सकाळपर्यंत मी स्वतःला पटवून टाकलं की अन्याय लपवणं हाही अन्यायच. बत्तीस वर्षं फुकट रंग श्वासात घेतलेल्या कामगाराने चोरासारखं जिन्यावर थांबायचं? मी बसले आणि पत्रक लिहिलं.

'जाहीर आवाहन! आपल्या चाळीतील ज्येष्ठ कामगार आप्पा राऊळ हे श्वसनाच्या गंभीर विकाराने ग्रस्त असून...' खाली ठळक अक्षरांत 'दया नको, हक्क हवा!' पप्पांनी वाचून दोन उद्गारचिन्हं कमी केली. आईने मात्र विचारलं, "आप्पांना माहित्ये?"

"चांगल्या कामाला परवानगी कसली, आई?"

आईने खळीचं भांडं गॅसवरून उतरवलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी तिन्ही वळणांवर पत्रकं लावली.

आमच्या चाळीला मदत करायला सांगावं लागत नाही, आवरायला सांगावं लागतं. दुसऱ्याच संध्याकाळी व्यायामशाळेतल्या चार पोरांनी आप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि "उचल रे!" म्हणत खांद्यावर घेतलं. एकाच्या तोंडून सवयीने "मोरया" निघून गेलं. पुढे जाधवकाका शिट्टी वाजवत जिना मोकळा करत होते. शिट्टीचा उपयोग त्यांना अखेर सापडला होता. वर पोचेपर्यंत अडुळशाचा काढा, ओव्याची पुरचुंडी आणि कुणाच्या तरी भाच्याला गुण आलेल्या वैद्याचा नंबर, एवढं सगळं आप्पांच्या मांडीवर जमा झालं.

तेही आप्पांनी सोसलं असतं. पण तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकली तेव्हा ते जाधवकाकांना म्हणाले, "जाधव, ही तुमची शिट्टी माका पटणा नाय."

जाधवकाकांनी मायेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचंच बरोबर आहे, आप्पा. बोलू नका. दम लागेल."

आप्पांचा चेहरा मी बघितला. त्यानंतर त्यांनी कुणाला दार उघडलं नाही आणि ते खाली उतरले नाहीत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, नऊ दिवस. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा. भाजी कोण आणत होतं कोण जाणे, बहुधा कुणीच नाही. त्यात माझ्या पत्रकाचा फोटो फोनवरून फिरत फिरत बदलापूरला पोचला. नंदूदादाने आमच्या घरी कळवलं, रविवारी गाडी घेऊन येतो, बाबांचे कपडे भरून ठेवा.

शनिवारी सकाळी मी तिन्ही पत्रकं खरवडून काढली. आईची खळ पक्की असते, नखं दुखली. तो चोळामोळा हातात घेऊन मी आप्पांचं दार वाजवलं.

"माझा नाव कित्याक छापलंस?"

माझ्याकडे मुद्दे होते पुष्कळ. मी म्हटलं, "चुकलं, आप्पा."

त्यांनी मला आत घेतलं, समोर बसवलं. चहाचा टोप शेगडीवर होता, भरलेला. त्यांनी हात पुढे केला, टोप इंचभर उचलला आणि परत ठेवला. नऊ दिवस नीट न खाल्लेला माणूस. मी उठायला लागले तर त्यांनी नजरेनेच खाली बसवलं. मग भिंतीकडे तोंड करून, एकेक शब्द जुन्या खिळ्यासारखा उपटत ते म्हणाले, "माझ्यान... उचलणा नाय. ओतशीत?"

मी ओतला. आयुष्यात पहिल्यांदा एक काम मी तोंड बंद ठेवून केलं.

अर्धा कप झाल्यावर ते जरा सैल झाले. "तुमी सगळी माका उचलूक बघतास. माका उचलू नको गो. माका बसाक दी."

"म्हणजे वळणावर खुर्ची ठेवू?"

"ठेव. भिंतीक लावून. प्लास्टिकची नको, ती सरकता. आणि माझा नाव घालशीत तर बघ!"

दुपारी मी आणि जाधवकाकांनी तीन लाकडी खुर्च्या तीन वळणांवर ठेवल्या. संध्याकाळपर्यंत एकीवर चाळीतली एक पोटुशी वहिनी बसली होती आणि दुसरीवर सिलिंडर.

रविवारी नंदूदादा आला. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेलं. दुसऱ्या वळणावर त्याने स्वतःच खुर्ची गाठली आणि रुमालाने मान पुसत बसला. मी वरून बघत होते. माझ्या शेजारून आप्पा उतरायला लागले. मी हात पुढे केला नाही, पण एक पायरी मागे राहिले. तिसऱ्या वळणावर ते स्वतः खुर्चीत बसले. मुलाला तिथून बाप दिसत होता. आप्पांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला, पंप बाहेर काढला आणि दोनदा ओढला. जिन्यावर माणसं होती. सगळ्यांनी बघितलं.

"नंदू," ते म्हणाले, "माका दम लागता. दोन वर्सां झाली. तुका सांगूक नाय, माझी चूक."

नंदूदादा धडपडत वर आला. काय करावं ते न सुचून त्याने बापाच्या काखेत हात घातले.

"ओढू नको. हात दी नुसतो. मी उठतंय."

त्याने हात दिला. आप्पा उठले. तीन मजले उतरायला त्यांना अर्धा तास लागला, प्रत्येक खुर्चीवर बसत, आणि गाडीवाला खाली हॉर्न मारत राहिला. कोपऱ्यावर दोघांनी चहा घेतला. मग नंदूदादा बापाला तितक्याच सावकाश वर सोडून एकटाच गाडीत बसला. जाताना मला म्हणाला, "दर महिन्याला डॉक्टरकडे मी नेणार, या अटीवर ठेवलंय. तोपर्यंत लक्ष ठेव. पत्रक नको काढूस."

आता आप्पा उघडपणे बसतात. पिशवी जड असली की समोरून येणाऱ्याला सांगतात, "ही वर घेऊन जा," आणि आभार मानतात, जरा गुरकावून. परवा मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले आणि मनात खुपत असलेलं विचारून टाकलं.

"आप्पा, इतकी माणसं जातात. तुम्ही जास्त करून मलाच का धरायचात?"

"तू लांब बोलतस."

"दम परत यायला पाच मिनिटं लागतात?"

"दोन."

"मग उरलेली तीन?"

आप्पांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली, बोट पँटीला पुसलं. खाली कुणाच्या तरी खोलीत कुकरची शिट्टी झाली.

"खोलीत कोण बोलता गो," ते म्हणाले.

तर वाचकहो, एक काम करा. तुमच्या इमारतीला लिफ्ट नसेल तर जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवा, भिंतीला लावून, सरकणार नाही अशी. कुणासाठी ते लिहू नका. त्या खुर्चीत कुणी बसलेलं दिसलं तर उचलायला धावू नका, हवं-नको विचारा आणि सांगतील तेवढंच करा. आणि तो माणूस काही बोललाच, आणि ते तुम्हाला पटलं नाही, तर "तुमचंच बरोबर" म्हणून सटकू नका. पिशवी खाली ठेवा, पायरीवर बसा, आणि त्याच्याशी नीट भांडा.