खेळाच्या खोलीचं कुलूप

माझ्या स्टोअरमधून आजवर एक वॉशरसुद्धा हरवलेला नाही! आमच्या कारखान्यातले फिटर म्हणतात की माझ्याकडून वॉशर मागणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं. ते हे रागाने म्हणतात, मी कौतुक म्हणून ऐकतो. स्टोअरकीपरचं काम वस्तू देणं हे असतं, असा एक मोठा गैरसमज जगात पसरलेला आहे. देणं काय, कुणालाही जमतं. खरं कसब न देण्यात आहे.

तर असा मी, लेकीच्या शाळेच्या पालक समितीवर निवडून आलो. निवडून आलो म्हणजे, सभेला उशिरा पोचलो आणि तेवढीच एक खुर्ची रिकामी होती.

त्या दिवशी वाद पेटला होता तो खेळांवरून. शाळेने खेळांवर पैसे खर्च करावेत की करू नयेत? अर्ध्या समितीचं म्हणणं, खेळ काय, पोरं गल्लीतही खेळतात, त्यापेक्षा प्रयोगशाळा सुधारा. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, पोरं दिवसभर बाकावर बसून बाकासारखीच होत चालली आहेत, त्यांना पळू द्या. दोन्हीकडून तावातावाने बोलणं झालं, चहा निवला, तरी कुणी माघार घेईना. शेवटी मी उठलो.

मी म्हणालो, खर्च खेळाचा नाहीच, खर्च ढिलाईचा आहे. ती खेळाची खोली बघा. सताड उघडी! कुणीही येतो, चेंडू उचलतो, आणि चक्क खेळतो! मग चेंडू झिजणार नाही तर काय होणार? मी सांगितलं, खोली माझ्या ताब्यात द्या. आंतरशालेय व्हॉलीबॉल सामन्यापर्यंत एक चेंडू विकत घ्यावा लागला तर माझं नाव बदला. नाही घ्यावा लागला, तर खेळांचा खर्च कायमचा बंद करा आणि खेळाच्या सरांना वाचनालयाचे तास द्या. मुख्याध्यापिका बाईंनी मान डोलावली. सामन्याला सगळी समिती येतेच, त्याच दिवशी काय ते ठरवू, असं त्या म्हणाल्या.

खेळाच्या सरांना सगळी शाळा शिट्टी सर म्हणते, कारण शिट्टी त्यांच्या गळ्यात बँकेतसुद्धा असते. ते भांडतील अशी माझी अपेक्षा होती. पण त्यांनी मुकाट्याने किल्ली काढून दिली आणि चेंडूंची काळजी घ्या, एवढंच सांगितलं. मला माणूस समजूतदार वाटला.

घरी मात्र वातावरण तापलं. आमची लेक त्या व्हॉलीबॉल टीममध्ये आहे. जेवताना ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, आमची टीम बंद पडेल."

 पण मी तिला शांतपणे समजावलं, की अगं, जी वस्तू वापरात नसते तीच वर्षानुवर्षं टिकते. त्यावर बायको म्हणाली, "म्हणूनच तुमची व्यायामाची सायकल अजून कोरी करकरीत आहे." मी तो विषय तिथेच संपवला.

मग मी खोली ताब्यात घेतली. आधी भक्कम कुलूप आणलं. शिपाईमामांना हुकूम दिला, की दार उघडं दिसलं रे दिसलं की ओढायचं आणि कुलूप घालायचं. कोण आहे, का आहे, कुणाचा कोण आहे, काही विचारायचं नाही. शिडी आणि स्टूल उगाच कुणी वापरू नये म्हणून गच्चीवरच्या खोलीत बंद केली. उडीच्या जाड गाद्या मागच्या भिंतीशी रचून दोरखंडाने अशा करकचून बांधल्या की हत्तीनेही नाद सोडावा.

प्रश्न उरला चेंडूंचा. चेंडू ही स्टोअरच्या दृष्टीने अत्यंत बेशिस्त वस्तू आहे. गोल असते, रचता येत नाही, लेबल लावायला जावं तर तोंड फिरवते. मी सगळ्या चेंडूंची हवा काढली! चपटे करून, दुमडून, धुतलेल्या टॉवेलांसारखे कपाटात ओळीने लावले. शेजारी हवा भरायचा पंप ठेवला. इतकं देखणं कपाट मी कारखान्यातही लावलेलं नाही.

चेंडू हवा असेल तर आदल्या दिवशी अर्ज करायचा. त्यावर वर्गशिक्षकांची सही, बाईंची सही आणि शेवटी माझी सही. मी दिवसभर कारखान्यात. अर्थात एकही अर्ज आला नाही. दर शनिवारी मी खोली तपासायचो, तर सगळं जिथल्या तिथे. फक्त एकदा एका चेंडूच्या शिवणीत हिरवं गवत अडकलेलं दिसलं. मी ते उंदरांच्या खात्यावर टाकलं. उंदीर गवत आणतात हे मला ठाऊक होतं, ते इतकं नीट खोवून ठेवतात हे नवीन होतं.

आणखी एक नवल घडलं. लेकीचा राग हळूहळू गेला. संध्याकाळी लालबुंद चेहऱ्याने, गुणगुणत घरी यायला लागली. मी बायकोला म्हटलं, बघ, खेळ सुटला आणि पोरगी वाचनालयात रमली. बायकोने लेकीच्या मातीने माखलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि इस्त्री करत राहिली.

सामन्याचा दिवस उजाडला. मैदानाच्या कडेला सावलीत समितीच्या खुर्च्या मांडलेल्या. पाहुणी टीम हातपाय झटकत होती. माझ्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशात भाषण. यजमान शाळेने चेंडू द्यायचा असा नियम होता. पंचांनी विचारलं तेव्हा मी सगळ्यांच्या देखत किल्ल्यांचा जुडगा वाजवला आणि रुबाबात खोलीकडे निघालो.

आत गेलो, कपाट उघडलं, त्यातल्या त्यात तरुण दिसणारा एक चेंडू निवडला. पंप घ्यायला वळलो, तोच मागे दार धाडकन लागलं आणि कुलपाचा खट्ट आवाज आला.

शिपाईमामा! मी ओरडलो, दार बडवलं. पण मामा पडले हुकमाचे पक्के. आत कोण आहे ते विचारायचं नव्हतं, त्यांनी विचारलं नाही, आणि ते पाहुण्यांना पाणी द्यायला निघून गेले.

तरी मी डगमगलो नाही. दुसरी किल्ली घरी बायकोच्या कपाटात असली तरी पहिली माझ्या हातातच होती, आणि दाराच्या वर उंचावर एक उघडा झरोका होता. माझा आरडाओरडा ऐकून लेक आणि शिट्टी सर धावत आले. सर बाहेरून म्हणाले की किल्ली वर फेका, आम्ही उघडतो.

आता एक अडचण सांगायला हवी. मी जन्मात काही फेकलेलं नाही. स्टोअरकीपर वस्तू ठेवतो. मी डोळे मिटून जुडगा भिरकावला. तो वर गेला, खळखळला आणि झरोक्याच्या कट्ट्यावर जाऊन बसला. शिडी हवी होती. शिडी गच्चीवरच्या खोलीत. त्या खोलीची किल्ली जुडग्यात. जुडगा कट्ट्यावर! गाद्यांवर चढावं म्हणून त्या ओढून पाहिल्या, तर एकट्याने तसूभर हलेनात.

बाहेरून सर म्हणाले, "बॉल मारा. जुडगा ढकलला जाईल."

"त्यात हवा नाही," मी म्हणालो.

 मग सर म्हणाले, "भरा."

मी पंप मारायला बसलो. दोनचार दट्ट्यांतच चेंडूच्या आधी माझा श्वास फुलला. तेवढ्यात पंचांचा आवाज आला, की चेंडू लवकर आला नाही तर सामना पाहुण्यांना दिला असं समजलं जाईल.  सामना गेला की समितीपुढे बोलायला काही उरत नाही. टीम गेली, सर वाचनालयात गेले, आणि लेकीला मी काय तोंड दाखवणार? मी जिवाच्या आकांताने पंप मारला. टॉवेलाचा पुन्हा चेंडू झाला.

"बाबा, चेंडू डाव्या हातावर ठेवा," लेक दारापलीकडून म्हणाली. "गुडघे वाकवा. उजवा हात मागून आणा. नजर किल्लीवर." तिचा आवाज थरथरत होता. बिचारी रडते आहे असं वाटून मला गलबलून आलं.

पहिला फटका कपाटावर बसून माझ्या नाकावर परत आला. दुसऱ्याने दिवा फोडला. तिसरा कुठे गेला ते कळलं नाही, पण इस्त्रीच्या शर्टाचं बटण गेलं. मी बाह्या सरसावल्या. प्रत्येक फटक्याला बाहेरून हुर्यो व्हायला लागला, त्यात आता पाहुण्या टीमचाही आवाज होता. आणि मग एक फटका असा बसला की तळहातातून ठप्प असा भरीव आवाज निघाला, चेंडू सरळ वर गेला, भिंतीला लागून माझ्या हातात परत आला. काय सांगू, अंगातून आनंद सळसळला! किल्लीला तो शिवलाही नव्हता, पण मी स्वतःशीच "परत, परत!" असं ओरडत होतो.

आणि पुढचाच चेंडू जुडग्याला धक्काही न लावता झरोक्यातून थेट बाहेर गेला. बाहेर एकच जल्लोष झाला. पंचांनी चेंडू दाबून पाहिला, चालेल म्हणाले, आणि सगळी गर्दी मैदानाकडे पळाली.

"अहो, आणि मी?" मी ओरडलो.

"तुम्ही चालू ठेवा," शिट्टी सर पळता पळता म्हणाले. "मनगट जरा ताठ."

तो सामना मी कानांनी पाहिला. मैदानावर गलका उठला की मी दुसरा चेंडू फुगवायचो आणि भिंतीवर मारायचो. आता चांगल्या फटक्याचा आवाज मला ओळखू येत होता. मैदानावरून मधूनमधून एक ठप्प यायचा, भरीव, निर्मळ. ही आपल्याच लेकीची सर्व्हिस आहे हे मी भिंतीपलीकडून ओळखलं, आणि डोळे भरून आले. घाम असेलही, पण मला वाटतं अश्रूच.

अखेर जुडगा बाहेर पडला तेव्हा सामना संपला होता. दार उघडलं ते लेकीनेच. मागे सगळी टीम नाचत होती, जिंकली होती! त्यांच्यामागे समिती. खोलीभर चेंडू लोळत होते आणि मधोमध मी, केस उभे, शर्ट बाहेर, तळहात टोमॅटोसारखा लाल.

बाई म्हणाल्या की आता तुमचं मत मांडा. खिशातल्या भाषणाचा घामाने लगदा झाला होता. मी म्हणालो, नवे चेंडू घ्या, भरपूर घ्या. पंप बदला. दार उघडं ठेवा आणि पोरांना रोज खेळू द्या. खर्च शाळेनेच करायचा, आणि सरांना वाचनालयात पाठवायचं नाव काढाल तर मी या खोलीतून हलणार नाही. समितीने टाळ्या वाजवल्या आणि ठराव तिथेच मंजूर केला. कारखान्यात मात्र यातलं एक अक्षरही कळता कामा नये.

घरी चालत येताना मी लेकीला म्हटलं, की इतके दिवस सराव नसताना जिंकलात, म्हणजे अंगातच आहे, बापावर गेली आहेस.

ती थांबली. मग खरं काय ते सांगितलं. खोलीच्या मागच्या भिंतीत, गाद्यांच्या आड, एक लाकडी झडप आहे. पूर्वी गवत कापायचं यंत्र तिथून बाहेर काढत. रोज शाळा सुटली की टीम बाहेरून झडप आत लोटायची, गाद्या सरकवायची, चेंडू फुगवून खेळायची, आणि मग हवा काढून कपाट जसंच्या तसं लावून ठेवायची. सगळी मिळून लोटली की गाद्या सहज सरकतात म्हणे.

"म्हणजे आज चेंडू तिथूनच काढता आला असता?" मी विचारलं. "आणि मलाही?"

"हो. सर मागे निघालेच होते," ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा तसाच थरथरायला लागला, आणि ती रडत नव्हती, तेव्हाही नव्हती, हे मला आत्ता दिसलं. "पण आतून तुम्ही 'परत, परत' ओरडताना ऐकू आलं. सर म्हणाले, जरा थांबू या. बाबा खेळतायत."

 दुखरा हात खिशात घालून घरी आलो. पायातले जोडे काढत होतो, तोच स्वयंपाकघरातून बायकोने शांतपणे विचारलं, "दारातून आलात की झडपेतून?"