हौसाआत्याचं लॉकर

आमच्या गावात वांग्यावर फवारायचं असेल, तर आधी हौसाआत्याला कीड दाखवावी लागायची. जिवंत, पानासकट. एकदा सरपंच मोकळ्या हातानं आले, तर तिनं त्यांना ओसरीवरूनच परत धाडलं. अर्ध्या तासानं ते काडेपेटीत पानावरचा मावा घेऊन आले. आत्यानं चष्मा लावून तो नीट निरखला, सरपंचांना चहा पाजला आणि मगच कुलूप काढलं.

याला जबाबदार मी. मी गावची आशा सेविका. चाकणच्या पुढं आमचं गाव. आरोग्य केंद्रात आम्हाला मनाच्या आजारांचं शिक्षण दिलं. जीव नकोसा होण्याची वेळ बऱ्याचदा थोडीच असते, तेवढ्यात विष हाताशी नसलं आणि कुणी जवळ बसलं तर माणूस वाचतो, असं तिथं सांगितलं. फवारणीच्या बाटल्या घरात न ठेवता कुलपात ठेवा, हे सांगायला मी देवळात सभा घेतली. शेवटपर्यंत बसली ती एकटी हौसाआत्या.

चौथ्या दिवशी तिच्या ओसरीवर लोखंडी लॉकर उभं होतं. कुठल्याशा कंपनीच्या भंगारातलं, बारा कप्प्यांचं, वर कामगारांचे नंबर तसेच. मग ती दारोदार फिरली आणि बाटल्या गोळा करून आणल्या. कुणी शिव्या दिल्या, त्या ऐकून घेतल्या. बाटली मात्र सोडली नाही. कुणी बाटलीला औषध म्हटलं की चिडायची. "औषध माणसाला असतं. ह्ये इख हाय, इख." आणि चहा पिताना ज्याला त्याला विचारायची, झोप लागती का, जेवण जातं का. लोक हसायचे, पण उत्तर द्यायचे.

आत्या गावची लेक. नवरा लवकर वारला तशी माहेरी आली ती कायमची. भाऊ-भावजय गेले, भाचे रावेतला फ्लॅटमध्ये. एवढ्या मोठ्या घरात ती एकटी.

गेल्या वर्षी शेजारची मंदा भरदुपारी बाटली मागायला आली. नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. आत्यानं सवयीनं पान मागितलं. मंदाकडं पान नव्हतं. आत्या रागावली नाही. तिला जवळ बसवून, मी सभेत सांगितलं होतं तसं सरळ विचारलं, "मंदा, जीव द्यायचं मनात आलंय का?"

मंदा रडायला लागली. आत्यानं मला फोन केला आणि मी पोचेपर्यंत तिचा हात सोडला नाही. नवऱ्याला बोलावलं, ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या समुपदेशक बाईंकडं मंदा सहा महिने जात होती, गोळ्याही चालू होत्या. आता ती फुलांच्या पॉलिहाऊसवर कामाला जाते. हसते, सासूशी भांडतेसुद्धा.

गावानं त्यानंतर आत्याला हसणं सोडलं. पण तोवर रस्त्याकडेच्या जमिनी गोदामांसाठी जायला लागल्या होत्या. शेत नाही तर फवारणी कसली? लोक येऊन आपापल्या बाटल्या दुकानात परत करायला घेऊन गेले. बारातले नऊ कप्पे रिकामे झाले. चांगलंच झालं, असं मी मीटिंगमध्ये सांगितलंही.

मागच्या महिन्यात सकाळी मी लसीकरणाला निघाले होते. दारात आत्या. तिनं लॉकरच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातावर ठेवला.

"गावाला निघालात का आत्या?"

"न्हाई. हितंच हाय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला आत घेऊन बसवलं. मग मीही तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "काल आलं मनात. म्हून तुझ्याकडं आले. मी मागितली तरी देऊ नगस."

मी लसीकरण दुसऱ्या ताईवर सोपवलं आणि तिला चहा दिला. तेव्हा ती हळूहळू बोलली. पंधरा पंधरा दिवस ओसरी कुणी चढत नाही. सकाळी सवयीनं दोन कप चहा टाकते, दुसरा गार होतो. कीड दाखवा म्हणायची ते खरं तर नियमासाठीच, पण त्या निमित्तानं माणूस घटकाभर बसायचा.

तीन वर्षं तिच्या घरावरून येत-जात होते मी. सगळ्या गावाची झोप विचारणाऱ्या या बाईला झोप लागते का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी आम्ही दोघी रुग्णालयात गेलो. आत्यानं समुपदेशक बाईंना सगळं सांगितलं, आवाज न दबवता. बाहेरच्या रांगेलाही ऐकू गेलं असेल. बाईंनी मला फॉर्म भरायला दिला. सोबतच्या नातेवाइकाचं नाव आणि नातं, अशी ओळ होती. मी माझं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, भाची.

आत्यानं चष्मा लावून फॉर्म वाचला.

"खोटं लिवलंस की गं," ती म्हणाली.

तिनं फॉर्मची घडी घातली, माझ्या हातात दिली.

"पंधरा दिवसांनी परत यायचंय म्हणत्यात. आता टिकवावं लागंल तुला ते."