दंतवैद्यांची शंकुमैदानावरील स्वारी

वाचणाराने आधी स्वस्थ बसावे, मोबाईल उपडा ठेवावा आणि चित्त द्यावे; कारण पुढील मजकूर दौलतीचा आहे, आणि दौलत म्हणजे एक लाल स्पोर्ट्स कार, दोन आसनांची. तिचे धनी खासे दंतवैद्य. यांनी उमर खर्चून दुसऱ्यांच्या दाढा उपटिल्या, तेव्हा ही गाडी संपादिली, आणि मग दर रविवारी तिजला मऊ फडक्याने पुसावे, वरती खोळ चढवावी आणि घरात जावे ऐसा शिरस्ता पडला. पळविली म्हणून नाही. खड्डा दिसता उतरून पाहणी करीत.

त्यांचे कुटुंब बाईसाहेब बहुत कोपून होत्या. घरात माणसे चार, आसने दोन, आणि कोठे जाणे पडता निम्मे घर मागाहून रिक्षाने येई. मग एके दिवशी जेवणाच्या टेबलावर फर्मान सुटले जे, रविवारी ऑटोक्रॉस नामे गाड्यांची शर्यत आहे, तेथे गाडी पळवावी. दंतवैद्यांचा अखेरचा नंबर आला तर ती विकून मोठी घ्यावी. दंतवैद्यांनी मुदतीचा अर्ज गुदरला.

"पळवायचीच नसेल तर कपाटात ठेव ना! मीपण नाव दिलंय, त्याच गाडीवर. एकटा घाबरशील तू."

दरबार बरखास्त जाहला.

रणभूमी म्हणजे रिकामा वाहनतळ. नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखिलेली, आणि एकेका स्वाराने एकच फेरी घड्याळाशी झुंजावयाची. शंकू पडला तर दोन सेकंद दंड. दोन शंकूंमधील दरवाजा चुकला तर फेरी बाद आणि नाव तळाला. आधी पायी फिरून वाट पाठ करणे रिवाज होता, सबब दंतवैद्यांनी शंकूंस दातांची नावे ठेविली, आणि ओळखीचे कोणी भेटावे तैसे त्यांस धीर वाटला.

मग झेंडा पडला. गाडी बंद पडली. पुनश्च सुरू केली आणि स्वारी निघाली ती ऐसी, की प्रत्येक वळणापूर्वी इंडिकेटर दाविला, सुळ्यापाशी थांबते झाले, आणि मागे कोणी नसता आरशात पाहिले. शंकू एकही पडला नाही. परंतु भाजी आणावयाच्या जुन्या खटारा गाड्याही यांजहून लवकर पोचल्या, आणि फलकावर दंतवैद्य सर्वांखाली गेले. फेरी उरली ती फक्त बाईसाहेबांची.

दंतवैद्य चावी देताना बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, आणि गाडीस हळूच बोलिले, "चल, सांभाळ." डोळे भरून आले होते. येथे बखरकार थट्टा करीत नाही; माणूस खरेच रडत होता. बाईसाहेबांनी ते पाहिले, आणि हेल्मेटाचा पट्टा आवळला.

मग जे जाहले ते मैदानाने पूर्वी देखिले नव्हते. गाडीने ऐसी आरोळी ठोकिली की चहा पिणारे पेले खाली ठेवून उठले, टायर किंचाळले, शंकू जागचे जागी थरथरले आणि एकही पडला नाही. घड्याळात पहिला नंबर नक्की. इतक्यात शेवटचा दरवाजा आला, ज्यातून ट्रक आडवा जाईल ऐसा, आणि बाईसाहेब त्याच्या बाजूने सरळ निघून गेल्या.

"ताई, दरवाजा राहिला!" झेंडेवाला ओरडला.

"अगं बाई! दिसलाच नाही."

फेरी बाद. तळाला बाईसाहेब, त्यांवर दंतवैद्य. अखेरचा नंबर टळला, सबब गाडी कायम, ऐसा निवाडा खुद्द बाईसाहेबांनीच दिला. आता ज्या बाईसाहेब दर खेपेस तळघरात दोन खांबांमध्ये बोटभर जागा राखून, फोनवर भांडत, गाडी उलटी लावतात, त्यांस हा दरवाजा कैसा दिसला नाही, ऐसे पुसणारास दौलतीचा गनीम समजावे.

परतताना गाडी बाईसाहेबांनी हाकिली. दंतवैद्य शेजारी बसले, आणि वाटेत खड्डे बहुत लागले, परंतु त्यांनी एकदाही "हळू" म्हटले नाही. येणेप्रमाणे दंतवैद्यांची फत्ते जाहली, ती येथे रुजू केली असे.