बोरी नदीतल्या सोन्याचा अर्ज

कायद्यानं चालणाऱ्या माणसाला कचेरीची भीती कसली, असं विरुपाक्षअप्पा ऐटीत सांगायचे. तीस वर्षं त्यांनी टपालखात्यात शिक्के मारले होते. पुढं बायको गेली, पाठोपाठ पेन्शन लागली, आणि बोरी नदीकाठच्या त्या गावात दिवस कसा ढकलायचा हे त्यांना कळेना. दक्षिणेत कुठंतरी लोक नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढतात, असं एका मासिकात वाचलं आणि घरातली जुनी परात घेऊन अप्पा नदीत उतरले.

सहा महिने त्यांनी वाळू धुतली. एक कण मिळाला नाही. पण परात फिरवत बसलं की संध्याकाळ व्हायची आणि घरातल्या, बायकोविना रिकाम्या खोलीत लवकर जावं लागायचं नाही. तेवढं त्यांना पुरे होतं.

मग त्यांच्यातला सरकारी माणूस जागा झाला. चुकून सोनं निघालंच तर ते कुणाचं? विचारायला ते तालुक्याच्या कचेरीत गेले.

कारकून नारायणरावांनी दोन कपाटं उपसली. "जुन्या राजवटीचे कायदे उर्दूत आहेत, ते वाचणारे मुन्शी घरी बसले. नवे मुंबईहून यायचेत. तुम्ही असं करा, वाळू धुण्याच्या परवानगीचा अर्ज द्या."

अप्पांनी वळणदार अक्षरात अर्ज दिला. तिथंच घात झाला.

आठ दिवसांत गावभर झालं की अप्पांना सोनं लागलंय. लोक सुपं, चाळण्या, घमेली घेऊन नदीवर लोटले. ऐन उन्हाळा; वाळूत खणलेल्या झिऱ्यांवर गाव पाणी पीत होतं. दोन दिवसांत ते झिरे बुजले.

"अरे, सोनं नाही रे इथं," अप्पा काठाकाठानं सांगत फिरले. "सहा महिने मी बघतोय."

"सोनं नसताना परवानगी कोण मागतं, अप्पा?" रामकिसन पाटलानं शांतपणे विचारलं.

सून इरम्मा दोन कोसांवरून पाणी आणू लागली. वाटेत बायका तिच्याशी बोलेनात. एके दिवशी घागर उतरवून ती हळूच म्हणाली, "मामंजी, करमत नव्हतं तर घरात सांगायचं होतं." त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत.

अर्जाच्या तपासणीला कचेरीतले साहेब आले तेव्हा अप्पांनी सगळं सांगून टाकलं. "मला सोनं नको, साहेब. दिवस जात नाही म्हणून वाळू धुतो."

साहेबांनी तपासणीचा छापील कागद उलटसुलट पाहिला. "हे कारण लिहायला यात जागा नाही," ते म्हणाले.

महिन्यानं हुकूम आला. बाकी गावाला नदी बंद. अप्पांना एक वर्षाचा परवाना. काम रोज चालू ठेवायचं, निघेल ते सोनं सरकारजमा करायचं, आणि ते लपवू नये म्हणून कोतवाल बलभीम समोर बसेल.

बलभीम बसला. परातीवरची नजर तो हलवीना. पूर्वी वाळू धुताना अप्पा गेलेल्या बायकोशी मनात चार शब्द बोलायचे. आता तेही जमेना.

पाचव्या दिवशी त्यांनी परात खाली ठेवली. "बलभीम, मला नाही हे करायचं आता. घरी जातो."

"जाता येत न्हाय, अप्पा," बलभीम अवघडून म्हणाला. "म्या बी कटाळलो, म्हणून कचेरीत इचारून आलो. मधीच सोडायचं तर अर्ज द्यावा लागंल म्हनले."

अर्जाचं नाव ऐकताच अप्पा पुन्हा ओल्या वाळूत बसले.

"सरक जरा," ते म्हणाले, "सावली पडतीय." आणि त्यांनी परात उचलली.