चोवीस सेकंद

मी फोटोग्राफर आहे, आणि स्वतःच्या तोंडाने सांगतो, खोटं बोलण्यात माझा हात धरणारा कुणी नाही! वीस वर्षं लोकांना “काय तरुण दिसताय!”, “पोट अजिबात येत नाहीये फोटोत!” असं सांगत आलोय. डोळ्याची पापणीही हलत नाही माझी.

तर मासिकाच्या संपादकबाईंचा फोन आला. “अॅथलेटिक्स महासंघाच्या पहिल्या महिला अध्यक्षा. घरी जाऊन काढायचे फोटो. हसरे, निवांत, घरगुती.”

“एका तासाचं काम!” मी म्हणालो.

बेल वाजवली. दार उघडलं एका काटकुळ्या आजोबांनी. गळ्यात दोरीला स्टॉपवॉच. माझ्या खांद्यावर स्टँड, पाठीवर बॅग, हातात छत्री. फोटोची असते ती, पांढरी. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि कडाडले, “ही काय यायची वेळ झाली? मुली केव्हाच्या वॉर्मअप करून बसल्यात! तुम्ही ऑफिशियल ना?”

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हो म्हणायचं, हा माझा नियम. “हो सर!” म्हणालो.

सगळं तिथेच बिघडलं.

अध्यक्षाबाई बाहेर आल्या. छप्पन वर्षांच्या, उंच, महासंघाचा बिल्ला लावलेला निळा कोट. आजोबा लगेच अदबीने बाजूला झाले. “या वॉर्डनबाई. हे स्पर्धेचे ऑफिशियल आलेत.”

त्या माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, “माझे बाबा. कोचही तेच होते. दोन वर्षं झाली, मला ओळखत नाहीत. होस्टेलची वॉर्डन समजतात.”

“अरेरे!” मी म्हणालो.

“नाही हो, वॉर्डनला फार मान देतात. मला कधी एवढा दिला नव्हता.” आणि त्या हसल्या. नेमका तेव्हा माझा कॅमेरा बॅगेत होता.

मी दिवाणखान्यात पसारा मांडला. सोफा ओढला, टीपॉय हलवला, ट्रॉफीच्या कपाटाशेजारी दिव्याचा स्टँड रोवला. मी एक वस्तू ठेवायचो, आजोबा दुसरी उचलून न्यायचे. ट्रायपॉड तर त्यांनी थेट अंगणात नेऊन उभा केला. “फिनिश लाइन आखायला नको?”

“हवी सर, हवी!” दुसरं काय म्हणणार!

शेवटी बाई सोफ्याच्या कडेला बसल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला. “मॅडम, जरा पुढे वाका. हां, अशाच! रेडी...”

आणि दिव्याचा बल्ब फुटला. फट्!

पुढचं सगळं एका सेकंदात झालं. बाई सोफ्यावरून अशा सुटल्या, की टीपॉय एकीकडे, छत्री दुसरीकडे, स्टँड ट्रॉफीच्या कपाटावर, आणि कपाटातल्या ट्रॉफ्या माझ्या डोक्यावर! चाळीस वर्षांपूर्वीची सवय होती ती. बंदुकीचा आवाज आला की पाय विचारत नाहीत कुणाला.

“डावा खांदा!” आजोबा ओरडले. “टिटवे! कितीदा सांगितलं, डावा खांदा आधी उचलायचा नाही!”

मी ट्रॉफ्यांखालून डोकं वर काढलं. लहानपणची ती हाक ऐकून बाई दारात थिजून उभ्या होत्या.

“बाबा?”

“बाबा काय बाबा! चल बाहेर. फाटकापासून गल्लीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. आज शंभर मीटरची वेळ लावायची आहे.” आणि गळ्यातलं स्टॉपवॉच काढून त्यांनी माझ्या हातात कोंबलं. “ऑफिशियल, तुम्ही वेळ घ्या. माझे डोळे आता साथ देत नाहीत.”

बाईंनी चपला काढल्या. कोट काढायला थांबल्या नाहीत. उशीर झाला तर हाक पुन्हा हरवेल, अशी घाई होती त्यांना. गुडघा दुखरा होता, पहिल्या चार पावलांतच कळलं. तरी पळाल्या. बिल्ला हेलकावत होता, केस सुटले होते, समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली होती. मी अंगठा घड्याळावर ठेवून श्वास रोखून उभा होतो. कॅमेरा पोटावर लोंबत होता, तो आठवलाही नाही.

त्या टाकीला शिवल्या. मी बटण दाबलं.

“किती?” आजोबांनी माझा दंड पकडला.

मला धावण्यातलं ओ की ठो कळत नाही. आकडा स्पष्ट होता, मी आनंदाने ओरडलो, “चोवीस सेकंद, सर!”

आजोबांचा हात माझ्या दंडावरून गळून पडला. बाई लंगडत परत येईपर्यंत ते खाली बघत राहिले.

“चोवीस,” ते म्हणाले. ओरडले नाहीत, हे फार वाईट. “माझंच चुकलं, टिटवे. उगाच पळवलं तुला एवढी वर्षं. सोडून दे आता.”

“हो, बाबा,” बाई म्हणाल्या. देशभरातल्या धावपटूंच्या अध्यक्षा, मान खाली घालून, अनवाणी उभ्या.

आजोबा आत जाऊन खुर्चीत बसले. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, “वॉर्डनबाई, चहा मिळेल का थोडा?”

बाईंनी पायरीवर बसून पायातला खडा काढला. “तुम्ही बारा म्हणाला असतात तर...” एवढंच बोलल्या. मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाल्या, “जाऊ द्या हो. तुम्हाला काय माहीत!”

आयुष्यभर फुकट खोटं वाटत फिरलो मी. एकदाच कुणाला त्याची गरज होती!

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. फोटो काढायचे राहिलेत म्हणालो. एक आकडा पाठ करून गेलो होतो. बाईंच्या लक्षात आलं, त्या अनवाणी फाटकाशी जाऊन वाकल्या. आजोबा अंगणात खुर्चीवर पेपर वाचत होते. मी कागदी पिशवी फुगवून फोडली.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “काय पोरकटपणा हा!”

बाई तरीही धावल्या. टाकीपर्यंत, अख्खं अंतर. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, “अकरा पूर्णांक आठ!”

आजोबांनी पेपर खाली ठेवला. डोळे चमकले. “अरे वा! कुणाची वेळ?”

मी टाकीकडे बोट दाखवलं. त्यांनी कपाळावर हात आडवा धरून निरखून पाहिलं.

“वॉर्डनबाई? या वयात?” मग खुर्चीच्या हातांना धरून ते सावकाश उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून, मोठ्याने, पाहुण्यांसाठी वाजवतात तशा.

बाईंनी लांबूनच हात जोडले. “थँक यू, सर,” म्हणाल्या.

संपादकबाईंना मी सांगितलं, कॅमेरा बिघडला होता. त्यांना ते लगेच पटलं.