फुटली का फोडली

आमच्या वडवणीत काच बसवून घ्यायची तर आधी व्याकरणाची परीक्षा द्यावी लागते. परीक्षक म्हणजे शिवलिंगअप्पा. बाजारपेठेत त्यांचं काचेचं आणि फोटो फ्रेमचं दुकान आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, कानावर लाल पेन्सिल, आणि गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ठरलेला प्रश्न, "फुटली का फोडली?"

फुटली म्हणालात की संपलं. अप्पा हातातली काच बाजूला ठेवून चौकशीला बसतात. एकदा एका शाळेचे मुख्याध्यापक आले. कपाटाची काच पोरांच्या दंग्यात फुटली म्हणाले. अप्पांनी दंग्याचं नाव, गाव विचारलं. तीन फेऱ्यांनंतर कबुली निघाली की, पोराला छडी मारताना सरांचंच कोपर लागलं होतं. अप्पांनी लगेच चहा मागवला. खरं क्रियापद सांगणाऱ्याला त्यांच्याकडे चहा असतो.

त्यांचं म्हणणं असं की, जगातलं सगळं वाईट बिनकर्त्याच्या वाक्यातून येतं. पेपर घेऊन बसले की लाल पेन्सिलीने खुणा करत सुटतात. "पूल पडला, झाड तुटलं, मानूस मेला. कर्ता कुठं हाय?" असं समोरच्याला विचारतात, जणू त्यानेच लपवून ठेवलाय.

राजकारणी माणसांशी त्यांचं खास जमतं. पक्ष बदललेले कार्यकर्ते जुनीच फ्रेम घेऊन येतात आणि नव्या साहेबांचा फोटो बसवायला सांगतात. अप्पा जुना फोटो काढत नाहीत, त्याच्यावरच नवा ठेवून पुठ्ठा ठोकतात. एका फ्रेममध्ये त्यांनी चार विचारधारा दाबून बसवल्यात. "वजनावरून कळतं, मानूस किती तत्त्वाचा हाय," म्हणतात.

मी आज शाळेत मास्तर आहे तो या माणसामुळे. कारण सांगायला अजून लाज वाटते, पण सांगतो.

तेव्हा मी नुकताच पदवीधर, बेकार आणि एका संघटनेचा तालुका उपाध्यक्ष होतो. आमच्या नेत्याचा कुठेतरी अपमान झाला होता. नेमका काय ते मला माहीत नव्हतं, पण संताप भरपूर होता. आम्ही बंद पुकारला. अप्पांचं दुकान अर्धं उघडं दिसलं. सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला. दर्शनी काच खळकन खाली आली आणि आम्ही पळालो.

संध्याकाळी नेते म्हणाले की, जनतेचा उद्रेक झाला. मला बरं वाटलं. उद्रेकच तो, मी कोण?

पोलीस आले, चौकशी करून गेले. अप्पांनी मात्र काच बसवली नाही. काचेच्या दुकानालाच काच नाही म्हणून सगळी पेठ हसायची. देवांच्या फोटोंवर धूळ बसली, अप्पा खोकायला लागले. कुणी विचारलं की एकच उत्तर, "फोडनारा यिऊन सांगंल, मंग बसवू." मी त्या रस्त्याने जाणंच सोडलं. तिकडे शिक्षकभरतीची जाहिरात आली होती आणि पुढे पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला लागणार होता. कोणी माझं नाव घेतलं असेल का, या धास्तीने जेवण जाईना.

दीड महिन्याने आईने माझ्या हातात वडिलांचा फोटो दिला. काचेला तडा गेला होता. दुसरं दुकान गावात नव्हतं, जावंच लागलं.

"फुटली का फोडली?" अप्पांनी नेहमीसारखं विचारलं.

"फुटली. उन्हानं तडकली असंल."

अप्पांनी काच बोटाने चाचपली आणि मान हलवली. माझं खोटं नव्हतं. मी पायरी उतरलो, आणि त्या उघड्या चौकटीसमोर पाय अडले. परत फिरलो.

"ही फुटली, अप्पा. ती म्या फोडली."

अप्पांनी चहाला हाक दिली. मग काउंटरमागून जुन्या पेपरात गुंडाळलेली मोठी काच काढली. पेपर बंदच्या दुसऱ्या दिवसाचा होता. "धर तिकडून," म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून ती बसवली.

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"बाकीच्यांचे दगड रस्त्यावरच पडले. तुझा नेम लई चांगला हाय बे."

"मंग पोलिसाला कावून न्हाई सांगितलं?"

त्यांनी गल्ल्याखालून एक कागद काढून पुढे केला. त्यांच्याच जबाबाची नक्कल होती. लिहिलं होतं, 'माझ्या दुकानाची काच फुटली.' खाली अप्पांची ठळक सही.

जन्मभर लोकांना ज्या शब्दासाठी पायरीवर उभं केलं, तोच शब्द.

अप्पा दुसरीकडे बघत हात पुसत होते. "फोडली म्हनलो असतो," ते हळूच म्हणाले, "तर त्यांनी कर्ता इचारला असता."

चहा आला. माझे डोळे भरून आले होते. कर्त्याने मान खाली घालून चहा घेतला.